किंडल घ्यावं का? यंत्र नंतर, आधी फाइल बघा

"मोबाइलवर पुस्तक वाचता येतंय, मग सोळा-सतरा हजारांचं वेगळं यंत्र कामून घ्यायचं?"

परभणीत, नांदेडात, लातुरात चार वाचणारी माणसं बसली आणि किंडलचा विषय निघाला, की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये नवा किंडल पेपरव्हाइट भारतात आला तो १६,९९९ रुपयांना. एक पुस्तक तीनशेचं धरलं तर तेवढ्यात छप्पन्न पुस्तकं येतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे. तरीही काही जणांचे पैसे या यंत्रात पुरेपूर वसूल होतात, आणि काही जणांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. आपण कुठल्या गटात बसतो हे पडद्यापेक्षा आपली पुस्तकं कुठल्या प्रकारच्या फाइलमध्ये मिळतात यावर ठरतं. जाहिरातीत मात्र सगळं कौतुक पडद्याचं. म्हणून आधी पडद्याचंच उरकून घेऊ.

किंडल हे ॲमेझॉनच्या यंत्राचं नाव. कोबो, पॉकेटबुक, ओनिक्स बूक्स असे इतरही ई-रीडर आहेत, पण आपल्याकडे सगळ्यांना सरसकट किंडलच म्हणतात. या सगळ्यांत तंत्र एकच, ई-इंक. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून १९९७ मध्ये याच नावाची कंपनी निघाली. पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात काळे-पांढरे कण. काळ्या कणांवर एक विद्युतभार, पांढऱ्यांवर त्याच्या उलटा. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. वर काळे आले तिथे अक्षर उमटतं, पांढरे आले तिथे कोरी जागा.

यातली खरी गंमत पुढे आहे. कण एकदा वर आले की वीज बंद केली तरी ते तिथेच राहतात. म्हणजे पान दिसत राहायला वीज लागतच नाही, लागते ती फक्त पान बदलताना. बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते ती म्हणून. पण जाहिरातीतल्या 'बारा आठवडे' या आकड्याखाली बारीक अक्षरात एक अट असते: रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद, उजेड मध्यम. गणित मांडा. चौऱ्याऐंशी दिवस गुणिले अर्धा तास, म्हणजे बेचाळीस तास. रोज तीन तास वाचणाऱ्याला दोन आठवडे मिळतील. तेही काही कमी नाही. वादळवाऱ्याने रात्री गेलेली लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी येते अशा गावात ज्याने दिवस काढलेत, त्याला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. मोबाइलवर वाचणं म्हणजे पेटलेल्या बल्बवर अक्षरं काढून ती वाचत बसणं. ई-इंकचा पडदा स्वतः उजळत नाही. कागदासारखाच तो बाहेरचा उजेड परत पाठवतो. त्यामुळे भर उन्हात, ज्वारीच्या रानात बांधावर बसून वाचलं तरी अक्षर ठळकच दिसतं, उलट ऊन जास्त तसं ते उठून दिसतं. रात्रीसाठी कडेला बारीक एलईडी असतात. त्यांचा उजेड मागून डोळ्यात येत नाही, वरच्या पातळ थरातून पानावर पसरतो. एकाच खोलीत सगळं घर झोपलेलं असताना कुणाची झोपमोड न करता वाचायचं, तर याच्याइतकं सोयीचं काही नाही.

आता पडद्याची दुसरी बाजू. त्याचा 'पांढरा' रंग खरं तर फिकट राखाडी असतो. पान उलटताना पडदा मधूनमधून काळा लुकलुकतो आणि कधी मागच्या पानाची पुसट सावली उरते. आठवडाभरात सवय होते, पण पहिल्या दिवशी माणूस यंत्र बिघडलं म्हणून दुकानात परत न्यायला निघतो. चाळून बघणं हा प्रकार नाही. छापील पुस्तकात "ते वाक्य डाव्या पानावर खाली कुठंतरी होतं" म्हणत आपण भरभर पानं उलटतो, तसं इथे जमत नाही. रंगीत ई-रीडरही आलेत, ॲमेझॉनचा २०२४ मध्ये आला. त्यात काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, रंग मात्र १५० नेच, आणि तेही फिके. लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांसाठी कुणी हे घेत असेल तर घेऊ नये. त्यासाठी टॅब बरा, आणि पुस्तक त्याहून बरं.

"डोळ्यांना त्रास होत नाही" हे वाक्य जरा जपून घ्यावं. कुठल्याही पानाकडे टक लावून बसलं की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, ई-रीडर त्यातून सुटत नाही. झोपेच्या बाबतीत तर गमतीशीर घोळ झालाय. 'ई-रीडरने झोप उडते' असं सांगणारा एक अमेरिकन अभ्यास २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो सगळीकडे फिरतोय. त्यात बारा माणसं होती आणि झोपण्याआधी चार-चार तास ती वाचत होती ती आयपॅडवर, पूर्ण उजेड ठेवून. ई-इंकचं यंत्र त्यात नव्हतंच.

निर्विवाद फायदा आहे तो अक्षर मोठं करण्याचा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक टाइप वाचू शकत नव्हते. भिंग धरून हात भरून यायचा. मुलाने त्यांना ई-रीडर दिला. आता एका पानावर जेमतेम दहा ओळी मावतील एवढं अक्षर करून ते वाचतात. "पानं लई उलटावी लागतात," एवढीच त्यांची तक्रार. जाड पुस्तक छातीवर धरून वाचायचा ताणही गेला, कारण यंत्राचं वजन पाव किलोच्या आत.

व्हॉट्सॲप नाही, हाही फायदाच. मोबाइलवर वाचताना तिसऱ्या पानाला कुणाचा तरी शुभ प्रभात येतो आणि पुस्तक राहतं बाजूला.

आपल्या हवेत मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही. अशा यंत्रांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुधा ० ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. यंत्र लगेच बंद पडतं असं नाही, पण उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. दुपारी गाडीच्या डिकीत, बंद कारच्या काचेखाली ते ठेवून जाऊ नये. उन्हात वाचता येतं याचा अर्थ उन्हात ठेवता येतं असा नव्हे.

आणि ते नाजूक असतं. पुतणीचा ई-रीडर गंगाखेडहून परभणीला येताना एसटीच्या गर्दीत बॅगेत डब्याखाली दाबला गेला. बाहेरून ओरखडाही नव्हता. चालू केला तर वरच्या अर्ध्या भागात उभ्या-आडव्या रेघा आणि खालच्या अर्ध्यात ती बसमध्ये वाचत होती ते पान तसंच थांबलेलं. किती वेळा बंद-चालू केलं तरी ते पान हललं नाही. कण जिथे असतात तिथेच राहतात म्हणालो ना, ते असं. वरच्या प्लास्टिकखाली पातळ काच असते आणि ती दाबाने आतल्या आत तडकते. कंपनीने सांगितलं, दुरुस्ती होत नाही, नवं घ्या, थोडी सूट देऊ. मोबाइलचा डिस्प्ले गंगाखेडातही बदलून मिळतो, याचा मिळत नाही. कडक पाठीचं कव्हर यंत्रासोबतच घ्यावं.

आता फाइलकडे येऊ, कारण मराठी वाचकाचं घोडं पेंड खातं ते इथे.

ई-पुस्तकाच्या फाइली ढोबळमानाने दोन जातींच्या. एक ईपब आणि तिच्यासारख्या: यात मजकूर मोकळा असतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. दुसरी पीडीएफ: यात पान जसं मांडलं तसं गोठलेलं असतं. ई-रीडर बनलाय तो पहिल्या जातीसाठी. आणि मराठीत फुकट, सहज मिळणारं बहुतेक साहित्य दुसऱ्या जातीचं आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरची पुस्तकं घ्या, बालभारतीची पाठ्यपुस्तकं घ्या, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं घ्या, नाहीतर जुन्या ग्रंथांची स्कॅन घ्या. खजिना मोठा आहे, पण बहुतांशी पीडीएफमध्ये.

सात इंची ई-रीडरच्या पडद्याची रुंदी साधारण १०७ मिलिमीटर भरते. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. म्हणजे ए-फोरवरची पीडीएफ त्यात उघडली की सगळं निम्म्यावर येतं, बारा पॉइंटचं अक्षर सहा पॉइंटचं होतं. मोठं करायला गेलात तर ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे सरकवा, आणि सरकवलं की हा संथ पडदा लुकलुकणार. दोन पानांत माणूस कंटाळतो. कादंबरीच्या आकाराची पीडीएफ असेल तर अक्षर सत्तर-बहात्तर टक्क्यांवर येतं. डोळे चांगले असतील तर चालून जातं.

"मग पीडीएफचं ईपब करून घ्यावं की!" असं कुणीतरी म्हणतंच. इंग्रजीत ते बऱ्यापैकी होतं. मराठीत का होत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत, रुळायच्या आधी, आणि कित्येक छापखान्यांत त्यानंतरही, मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवली गेली. अशा फाइलीत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलंच नसतं. आत असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि त्यावर फॉन्ट फक्त 'क'चं चित्र चढवतो. मजकूर फाइलीतून बाहेर काढला की ते चित्र गळून पडतं आणि हाती येतो रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती ठरावीक ठिकाणी ठेचकाळतात. पहिली वेलांटी घ्या. 'कि' लिहिताना वेलांटी दिसते आधी आणि क नंतर. जुन्या फॉन्टांत ती दिसते त्याच क्रमाने, आधी साठवली जाते. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. हा क्रम उलटवताना जोडाक्षर मध्ये आलं की वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. रफाराचंही तेच. म्हणून रूपांतरानंतर पुस्तकाचं मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. हजार-पाचशे प्रती खपणाऱ्या पुस्तकासाठी तो खर्च कुठला प्रकाशक करणार? मराठवाड्यातल्या कितीतरी चांगल्या लेखकांची जुनी पुस्तकं ई-बुक म्हणून मिळत नाहीत, त्यामागे अनास्थेइतकंच हे रोकडं कारणही आहे.

स्कॅन केलेल्या पुस्तकात तर अक्षरं नसतातच, पानाचे फोटो असतात.

विकत मिळणाऱ्या ई-बुकांची वेगळी अडचण. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली आणि आता नवी-जुनी बरीच आहेत. पण बुकगंगाचं ई-बुक वाचायला बुकगंगाचंच ॲप लागतं. ते फोनवर, टॅबवर चालतं, किंडलवर नाही. अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडर असतात, त्यांवर अशी ॲप टाकता येतात, पण ते महाग. म्हणजे एका दुकानाचं यंत्र घेतलं की दुसऱ्या दुकानाचा रस्ता बंद. शिवाय पैसे देऊन आपण नेमकं घेतो काय, हेही बघावं. किंडलवर पुस्तक 'विकत घेतलं' तरी कायद्याने हाती येतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये हक्कांचा घोळ निघाल्यावर ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या यंत्रांतून दूरवरून काढून टाकल्या होत्या. पैसे परत दिले, पण घरात शिरून पुस्तक नेल्यासारखंच ते झालं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-बुकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा ग्राहकांची पुस्तकंही गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घ्यायची सोय काढून टाकली. दासोपंतांनी चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेली पासोडी चारशे वर्षांनी अजून अंबाजोगाईत आहे. तिला लॉगिन लागत नाही.

आणि ई-बुक मित्राला देता येत नाही. आपल्याकडचं वाचन निम्मं मागून-आणून चालतं हे विसरू नका. एकाने घेतलेलं पुस्तक पाच घरं फिरतं आणि शेवटी तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन पडतं. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयातून किंडलवर पुस्तक उसनं मिळतं, इथे वर्गणी भरून कपाटातलंच आणावं लागतं. ते वाईट नाही, पण ई-रीडरच्या किमतीचं गणित अमेरिकेतलं बघून मांडू नये एवढंच.

हक्कमुक्त साहित्याचा मात्र चांगला उपयोग होतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालंय. मराठी विकिस्रोतावर जे साहित्य युनिकोडमध्ये आहे ते थेट ईपब म्हणून उतरवता येतं, आणि २०२२ पासून किंडलकडे ईपब ईमेलने पाठवताही येतं. पीडीएफचा वैताग इथे नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांचा प्रश्न वेगळा. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांतली मुलं विचारतात, नोट्ससाठी घेऊ का? माझं उत्तर सरळ नाही असं आहे. नोट्स पीडीएफ, त्यात नकाशे, तक्ते, खुणा करायच्या, मागेपुढे उलटायचं, आणि यातलं एकही काम छोट्या ई-रीडरवर धड होत नाही. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो, असं त्यातून दिसलं. गोष्टीच्या मजकुरात असा फरक आढळला नाही. परीक्षेचा अभ्यास म्हणजे नेमका माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन. झेरॉक्स काढा. एक अपवाद करेन: मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजी सुधारू पाहणाऱ्या मुलांसाठी. इंग्रजी पुस्तकात शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ तिथल्या तिथे येतो, अडलेले शब्द यंत्र बाजूला यादीत जमवतं. कोश उघडायच्या कंटाळ्याने जे पुस्तक सुटलं असतं, ते पूर्ण होतं.

इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचणारा, किंवा दृष्टी कमी झालेला, किंवा नोकरीनिमित्त दर दोन-तीन वर्षांनी बदली होऊन पुस्तकांची खोकी वाहून दमलेला माणूस असेल तर घ्यावं. मराठी कवितासंग्रह, दिवाळी अंक आणि जुने संदर्भग्रंथ वाचणाऱ्याने तूर्त थांबावं.

ठरवायची रीत फुकटात आहे. फोनवर किंडलचं मोफत ॲप टाका. पुढच्या वर्षात वाचायची म्हणून मनात असलेली दहा पुस्तकं कागदावर लिहा आणि ॲमेझॉनच्या दुकानात एकेक शोधा. किती सापडतात बघा. सापडलेल्यांचा नमुना मोफत उतरवून वाचा, आणि वाचताना 'दुसऱ्या', 'ऱ्हास', 'कऱ्हाड' असे शब्द कसे उमटलेत तेवढं पाहा. तो अर्धा र तुटलेला दिसला तर फाइल घाईने बनवलेली आहे, पुढेही चुका भेटतील. दहातली सात-आठ पुस्तकं नीट मिळाली तर यंत्र घ्यायला हरकत नाही. दोन-तीनच मिळाली तर ते सतरा हजार घेऊन संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत जावं.

जुनं यंत्रही निम्म्या किमतीत मिळतं आणि ई-इंक पडदा वर्षानुवर्षं चालत असल्याने ते वाईट नसतं. घेताना पूर्ण काळं आणि पूर्ण कोरं अशी दोन्ही पानं बघावीत, म्हणजे मेलेले ठिपके कळतात. आधीच्या मालकाने ते आपल्या खात्यातून काढलंय याची समोर बसून खात्री करावी. काढलेलं नसेल तर तुमच्या हातात यंत्र राहील आणि त्यात पुस्तकं त्याची येत राहतील.